जातमुचलका 'भरत' नाहीत

प्रश्न असा आला आहे: 'मारहाणीच्या खटल्यात कोर्टाने आरोपीला दोषी ठरवलं आणि १५ हजारांचा जातमुचलका भरून घेऊन सोडून दिलं, अशी बातमी वाचली. म्हणजे १५ हजार दंड झाला का? जातमुचलका आणि जामीन एकच का? आणि यात "जात" कशाला?'

दंड झालेला नाही आणि १५ हजार कुणी भरलेलेही नाहीत. 'जातमुचलका भरून' हा शब्दप्रयोग ज्याने पहिल्यांदा छापला त्याच्याकडूनच एक लिहून घ्यायला हवा होता. मुचलका लिहून देतात. तो लेखी वचनाचा कागद आहे, पैसा नव्हे. त्यावरचा आकडा शब्द मोडला तर वसूल होणारा आकडा असतो. शब्द पाळला तर तो कागदावरच राहतो. रोख रक्कम कोर्टात जमा केली असेल तर तो रोख जामीन, आणि तो खरोखरच भरतात. दंडही भरतात. मुचलका भरला म्हणणं म्हणजे शपथ भरली म्हणण्यासारखं आहे.

आता कायद्याचं थोडक्यात. साध्या दुखापतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली एक वर्षापर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२३ लागतं; तिथे दंडाची कमाल १ हजारच होती. हाड मोडलं, दात पडला की दुखापत 'गंभीर' होते आणि कैद सात वर्षांपर्यंत जाते. साधी दुखापत असेल तर मार खाल्लेला माणूस कोर्टाच्या परवानगीशिवायही प्रकरण मिटवू शकतो, आणि गंमत अशी की अशा तडजोडीचा कायदेशीर परिणाम निर्दोष मुक्तता हाच असतो. तेव्हा 'निर्दोष सुटला' याचा अर्थ 'मारलंच नव्हतं' असा दरवेळी काढू नये.

तुमच्या बातमीतला माणूस मात्र दोषी ठरला आहे. त्याला बहुधा १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा फायदा मिळाला असावा. या कायद्यात कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंतचं हमीपत्र लिहून घेतं: चांगलं वागेन, शांतता राखेन, बोलावलं की शिक्षा घ्यायला हजर होईन. मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा. जामीन साधारणपणे निकालाच्या आधी, नाहीतर अपील चालू असताना येतो. हा मुचलका दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षेच्या जागी आला. जामिनाच्या वेळीही जातमुचलका लिहून घेतातच, म्हणून लोकांचा घोटाळा होतो.

मूळ फरक काळाचा नाही, माणसांचा आहे. 'जामीन' हा अरबी शब्द मुळात माणसाचं नाव आहे: हमी घेणारा. 'मी त्याला जामीन राहिलो' ही जुनी मराठी अगदी चोख. हिंदीने माणसाला 'जामिन' आणि व्यवहाराला 'जमानत' असं वेगळं ठेवलं. आपण दोन्हीला जामीनच म्हणू लागलो, मग माणसासाठी शब्द उरला नाही म्हणून 'जामीनदार' घडवला, म्हणजे अक्षरशः 'हमीदारदार'. असो, रुळला आहे. संस्कृतात त्याला प्रतिभू म्हणत, आणि याज्ञवल्क्यस्मृतीत तर हजर करण्याची हमी घेणारा, विश्वासाची हमी घेणारा आणि पैसे देण्याची हमी घेणारा असे तीन वेगळे प्रतिभू आहेत.

जातमुचलक्यात हा दुसरा माणूसच नसतो. हमी स्वतःची स्वतःलाच. आणि तेच 'जात' सांगते! ही जात संस्कृत 'जाति' नव्हे. ज्यांनी मला मागे ठासून सांगितलं की इंग्रज अमदानीत कागदावर जात नोंदवत म्हणून जातमुचलका, त्यांनी ही व्युत्पत्ती स्वतःपुरती ठेवावी. ही अरबी 'ज़ात': स्वतः, व्यक्ती, अंगभूत सत्त्व. मुघल मनसबदाराचे दोन आकडे असत, 'जात' आणि 'सवार'. जात म्हणजे त्याचा व्यक्तिगत दर्जा, सवार म्हणजे बाळगायचे घोडेस्वार. आणि आपण रोज म्हणतो ना, 'साहेबांनी जातीने लक्ष घातलं'? तिथेही हीच. बखरीतले सरदार 'जातीनिशी' चालून येतात ते सगळ्या जातभाईंना घेऊन नव्हे, स्वतः येतात.

इथे माझं एक लाडकं मत मांडतो. फारसीत 'ब-ज़ाते-ख़ुद' असा प्रयोग आहे, 'स्वतः जातीने' अशा अर्थाचा. आता मराठी 'खुद्द जातीने' शेजारी ठेवा. 'ब'च्या जागी 'ने', 'ज़ात'च्या जागी 'जाती', 'ख़ुद'च्या जागी 'खुद्द'. सुटे भाग तेच, जुळणी मराठी. दफ्तरातल्या कारकुनाने फारसी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून मराठी ओळ लिहिली आणि ती बोलीत उतरली, असं मला पक्कं वाटतं. 'खुद्द' आणि 'जातीने' ही द्विरुक्ती आहे म्हणून शुद्धलेखनाचे पहारेकरी ती खोडतात. खोडू नका, ती अख्खीच्या अख्खी आयात आहे.

राहिला मुचलका. काही संस्कृताभिमानी मंडळी तो 'मुच्' धातूपासून काढतात: मुक्त करतो तो मुचलका. ऐकायला छान. पण मग 'लका' कुठल्या व्याकरणातून आणला ते सांगा. आणि मुचलका मुक्त करत नाही, बांधतो! शब्द तुर्की-मंगोल आहे आणि फारसीतून आला. मंगोल खानांच्या काळातल्या फारसी इतिहासांत राजपुत्र आणि अमीर खानाला लेखी वचन देतात, त्याला हेच नाव. शेपटीचा 'लका' मला मंगोल '-लगा' प्रत्ययासारखा दिसतो; तो क्रियेपासून नाम करतो, 'बारि' म्हणजे बांधणे, 'बारिलगा' म्हणजे इमारत. सिंहासनाशी इमान राखण्याचं वचन आज शेजाऱ्याच्या थोबाडीत मारणाऱ्याकडून लिहून घेतात, यात शब्दाची अवनती झाली असं मला मुळीच वाटत नाही.

सरकारी मराठीत याला 'बंधपत्र' म्हणतात. चूक नाही, पण बंधपत्र कुणाचं, एकट्याचं की हमीदारासह, हे त्या शब्दातून कळत नाही. मग 'व्यक्तिगत बंधपत्र' असं लांबण लावावं लागतं. जातमुचलका सहा अक्षरांत दोन्ही सांगतो. बातमीदारांनी एवढंच करावं: 'भरून'च्या जागी 'लिहून घेऊन' छापावं, आणि माणूस दोषी ठरला होता की नाही हे त्याच वाक्यात सांगावं.