परग्रहावर नळाला पाणी कधी येतं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मला कोर्टकचेरीच्या आणि सासूसुनांच्या मालिकांपेक्षा परग्रह, जादूगार, ड्रॅगन असलंच बघायला आवडतं, वय झालं तरी. त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले या वेळी सगळा कॉलम त्यालाच देऊन टाका. दिला. सगळ्यांना उत्तरं देणं जमलं नाही, राग मानू नका.

प्रश्न : सर, आमच्या रूमवर रोज भांडण होतं, सायन्स फिक्शन भारी की फॅन्टसी भारी. तुम्ही दोन्ही बघता तर तुम्हीच सांगा. आणि तुमचं फेवरेट कोणतं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : भांडत राहा, परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढं सोडून. मला स्वतःला यान आहे का जादूची कांडी आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, मी आपला सोलापूरकर, कुठलंही नवीन जग दाखवलं की माझा पहिला प्रश्न असतो की इथं पाणी कुठून येतं. खरंच सांगतो. दहा लाख राक्षसांची फौज दाखवतात, काळ्या डोंगरापासून क्षितिजापर्यंत नुसते भालेच भाले, आणि माझ्या डोक्यात येतं की एवढ्यांच्या भाकऱ्या कोण थापतंय, जळण कुठून आणलं. ज्यानं ते जग रचलंय त्यानं याचा विचार केलेला असला तर मी त्याला सगळं माफ करतो, उडणारे घोडे पण.

म्हणून फेवरेट विचारशील तर 'ड्यून'. फ्रँक हर्बर्टची कादंबरी १९६५ ची, पिक्चर आत्ता २०२१ आणि २०२४ ला आले. सगळा ग्रह वाळवंट, आणि तिथली माणसं अंगात असा सूट घालतात की घाम, श्वासातला ओलावा, सगळं गाळून परत प्यायला मिळतं. त्यात एक सीन आहे, त्या वाळवंटातल्या टोळीचा म्होरक्या राजाच्या भेटीला येतो आणि भर दरबारात टेबलावर थुंकतो. सगळ्यांचे हात तलवारींकडे. मग एकजण समजावतो की अहो थांबा, यांच्याकडे अंगातलं पाणी दुसऱ्यासाठी खर्च करणं म्हणजे मोठा मान. बाहेरच्या लोकांना हा सीन विचित्र वाटत असेल, मला एका सेकंदात पटला, कारण चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात रात्री अडीचला उठून पिंप भरलेला माणूस आहे मी, आमच्या घरी पाहुणा आला आणि तांब्या भरून पुढं केला तर त्याची किंमत आम्हाला ठाऊक असते. (मावा खाऊन भिंती रंगवणाऱ्यांनी मात्र या सीनचा आधार घेऊ नये. तो मान नाही.)

प्रश्न : भाऊ, आमचे मिस्टर रोज रात्री जेवण झालं की यानांचे पिक्चर लावून बसतात, रिमोट देत नाहीत. मला त्यातलं काही कळत नाही आणि सगळीकडे नुसती आगच आग. बायकांना आवडेल असं काही असतं का यात? (गृहिणी, विजापूर रोड)

उत्तर : वहिनी, बायकांचं वेगळं असं काही नसतं, पण आग कमी असलेलं भरपूर आहे. आम्ही पूर्व भागात राहायचो तेव्हा शेजारी एक तेलुगू आजी होत्या, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातल्या. त्यांच्याकडे १९५७ चा 'मायाबाजार' कितीतरी वेळा बघितला, आधी कॅसेटवर, मग सीडीवर. मला तेलुगू चार शब्द येतात पण त्या पिक्चरला भाषा लागतच नाही. घटोत्कच लग्नाच्या पंगतीचं सगळं जेवण एकटा उडवतो, ते लाडू ताटातून आपणहून उड्या मारत त्याच्या तोंडात जातात, आणि आजी प्रत्येक वेळी पदर तोंडाला लावून हसायच्या, जसं काही पहिल्यांदाच बघताहेत. त्यातच एक पेटी आहे, प्रियदर्शिनी म्हणून. उघडली की आपलं जवळचं माणूस त्यात दिसतं. अभिमन्यू आणि शशिरेखा त्यावर एकमेकांना बघतात, चक्क व्हिडिओ कॉल! पुढं आजींचा नातू हैदराबादला नोकरीला गेला आणि मोबाईलवर त्याचा चेहरा दिसायला लागला तर आजी फोनला प्रियदर्शिनीच म्हणायच्या. आता मला सांगा ही फॅन्टसी का सायन्स फिक्शन, मला नाही ठरवता आलं अजून.

मिस्टरांना म्हणावं, एका रविवारी हा लावा. रिमोटचं तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : आपल्या गावात आयमॅक्स नाही. असे पिक्चर लहान पडद्यावर बघणं म्हणजे अपमान नाही का? तुम्ही पुण्याला जाऊन बघता? (बँक कर्मचारी, सात रस्ता)

उत्तर : एक-दोनदा गेलोय सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं, पण तिकीट, रिक्षा, तिथलं खाणं सगळं धरून हिशोब केला तेव्हापासून पडदा एवढा मोठा लागतोच कशाला असं वाटायला लागलं. गंमत अशी की माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी शो सोलापुरातल्याच एका थेटरात झाला, नाव नाही सांगत. २०१४, 'इंटरस्टेलर'. त्यात एक माणूस यान नीट न जोडताच दार उघडायला जातो आणि स्फोट होतो. बाहेर पोकळी, हवा नाही म्हणजे आवाज वाहून न्यायला काहीच नाही, म्हणून दिग्दर्शकानं त्या क्षणी आवाज पूर्ण बंद ठेवलाय. एवढा मोठा स्फोट आणि सगळं गप्प. माझ्या अंगावर काटा. आणि मागून, "ए आवाज सोड की बे!" मग शिट्ट्या, मग खुर्च्या आपटणं, दोन पोरं तर उठून ऑपरेटरच्या केबिनकडे निघाली. त्या बिचाऱ्यानं घाबरून व्हॉल्यूम वाढवला असणार, कारण लगेच पुढं जे संगीत सुरू झालं ते असलं दणकून आलं की पुढच्या रांगेतल्या काकांच्या हातातले शेंगदाणे सांडले. कान बसले सगळ्यांचे. पण नंतर थेटरात चिटपाखरू बोललं नाही. असा शो पुण्यात मिळणार नाही.

त्या पिक्चरच्या पाठीशी किप थॉर्न हे खरे भौतिकशास्त्रज्ञ होते, २०१७ ला त्यांना नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी. एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं हे त्यात दाखवलंय, ते गणित त्यांनी बसवून दिलं. हिशोब चोख असला की मी खूश, हे वर लिहिलंच आहे.

प्रश्न : हे सगळं परदेशी झालं. मराठीत काही आहे की नाही? (निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता)

उत्तर : आहे की गुरुजी. जयंत नारळीकरांपासून सुरुवात करा, शाळेतल्या पोरांना द्यायलाही चालेल. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा टोपणनावानं पाठवली होती, नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून नंबर दिला असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि पहिलं बक्षीस आलं. मला त्या कथेइतकंच हे आवडतं.

प्रश्न : स्टीमपंक म्हणजे काय हो? भाचा सारखं बोलतो. आमचा चादरीचा कारखाना आहे, त्यामुळे यंत्रं मला कळतात, हे नाही कळत. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : अहो तुमच्या कारखान्यातच आहे ते! वीज, चिप असलं काही नाही, सगळी प्रगती वाफेवर आणि दातेरी चाकांवर झाली असती तर जग कसं दिसलं असतं, असल्या गोष्टींना स्टीमपंक म्हणतात. आता तुमच्या मागावरचा जॅकार्ड बघा. वर ते भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते दोऱ्यात ओवलेले फिरत असतात, भोक असेल तिथला हूक ताणा, म्हणजे उभे धागे, उचलतो, नसेल तिथला खाली राहतो, आणि खाली चादरीवर मोर उमटतो. फ्रान्समध्ये १८०४ ला निघालेलं यंत्र. तेच पत्ते बघून चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं ठरवलं की आपल्या गणिताच्या यंत्राला पण हुकूम असेच द्यायचे, आणि १८४३ ला एडा लव्हलेस या गणित जाणणाऱ्या बाईंनी लिहून ठेवलं की जॅकार्ड फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल. ते यंत्र बॅबेजच्या हयातीत काही पूर्ण झालं नाही. झालं असतं तर काय, इथून स्टीमपंकवाल्यांची गोष्ट सुरू होते.

माझे वडील मागावर होते. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी त्या पत्त्यांकडेच बघत उभा राहायचो, त्या खडाखडीत वडील काय ओरडताहेत ते ऐकूच यायचं नाही. भाच्याला एक दिवस कारखान्यात उभा करा, यूट्यूब विसरेल.

प्रश्न : काका, जादू खोटी असते हे कळल्यावर मजा जाते का? (इयत्ता सहावी)

उत्तर : मी तुझ्याएवढा असताना गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, होम मैदानावर एक तंबू लागला होता. पाच रुपये तिकीट. आत अंधार, टेबलावर एक मोठा कोळी, आठ पाय, आणि त्याला बाईचं डोकं. ती बोलायची पण, तू कुठल्या गावचा, अभ्यास करतोस का. माझी बोबडी वळली. बाहेर आल्यावर थोरल्या भावानं सांगितलं की खाली आरसे तिरके लावलेत, बाई टेबलाच्या मागंच बसलेली असते. मला पटेना. म्हणून मी तंबूच्या मागच्या बाजूनं वाकून, कापड वर करून बघितलं. खरंच बाई बसली होती, स्टुलावर, स्वेटर घालून, पायात मोजे. पुढं लोक किंचाळत होते आणि ती मागं हात करून एका पोराला हळूच सांगत होती, चहात साखर कमी टाक.

मी परत पाच रुपये मागायला घरी पळालो.