एवढी माणसं निमूटपणे ऐकतात कशी?

मागच्या अंकात डिस्टोपियन कादंबऱ्यांबद्दल, म्हणजे सगळ्यांना एकाच साच्यात बसवणाऱ्या भयंकर भविष्याच्या गोष्टींबद्दल, दोनचार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरेच मेल आले. त्यातले चार घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका, जागा संपते.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिनं जॉर्ज ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' वाचलं आणि जेवताना म्हणाली, बाबा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पण असंच चालतं, सेक्रेटरी काहीही टाकू दे, सगळे अंगठे टाकतात, तुम्ही पण टाकता. आम्ही हसलो. पण तेव्हापासून डोक्यात आहे, या पुस्तकांतली एवढी माणसं निमूटपणे ऐकतात कशी? सगळेच घाबरट असतात का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मुलीला शाबासकी द्या, आणि अंगठा टाकण्याआधी मेसेज वाचत जा.

घाबरट म्हणून ऐकतात हे उत्तर ऑर्वेललाही पुरत नाही. त्याच्या पुस्तकात भीती भरपूर आहे, घराघरात पाळत ठेवणारा टेलिस्क्रीन आहे, मनातले विचार पकडणारे थॉट पोलीस आहेत, छळाची खोली रूम १०१ आहे, पण मला विचाराल तर त्यातलं सगळ्यात भयंकर पात्र छळ करणारा ओब्रायन नाहीच, पार्सन्स आहे. नायक विन्स्टनचा शेजारी. घामट, उत्साही, घरोघरी वर्गणी मागत फिरणारा, असा एक प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतोच. तो एका रात्री झोपेत राज्याचा सर्वेसर्वा बिग ब्रदर याच्या विरोधात काहीतरी बरळतो, त्याची सात वर्षांची पोरगी कीहोलला कान लावून ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून येते. बापाला उचलतात. कोठडीत तो विन्स्टनला काय सांगतो माहितीये? पोरीवर राग नाही, उलट अभिमान वाटतो, मी तिला नीट वळण लावलं हे यातून दिसतं म्हणतो. आता या माणसाला आणखी कसली भीती दाखवणार, त्याचं काम तर आधीच झालेलं आहे.

कर्ट व्हॉनेगटची 'हॅरिसन बर्जरॉन' नावाची छोटीशी कथा आहे, १९६१ ची, अर्ध्या तासात वाचून होते. साल २०८१. सगळी माणसं समान करायची ठरलंय, म्हणून जो जास्त हुशार त्याच्या कानात रेडिओ, थोड्या थोड्या वेळानं त्यात कर्कश आवाज येतो की विचार तुटलाच पाहिजे. जो जास्त ताकदवान त्याच्या अंगावर वजन. हॅरिसनचा बाप जॉर्ज, त्याच्या गळ्यात ४७ पौंड शिशाच्या गोळ्यांची पिशवी कुलूप लावून अडकवलीय, म्हणजे एकवीसेक किलो. बायको म्हणते, दमलास, घरात असताना तरी दोनचार गोळ्या काढून ठेव ना. तो आधी शिक्षेचं सांगतो, दर गोळीमागे दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड. इथपर्यंत भीती, मान्य. पण मग पुढे तो म्हणतो की मी काढल्या तर बाकीचे पण काढतील आणि पुन्हा तो स्पर्धेचा काळोखा जमाना येईल, तुला आवडेल का? बायको म्हणते, अजिबात नाही. झालं. पोलीस यायची गरजच पडली नाही, सोफ्यावर बसल्या बसल्या नवराबायकोनं सरकारचं काम करून टाकलं.

आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त त्रास देणारं. लोइस लोरीचं 'द गिव्हर', १९९३ चं, पोरांसाठी लिहिलेलं आहे असं म्हणतात पण मोठ्यांनीच वाचावं. तिथे बारा वर्षांचं झालं की कोणी काय काम करायचं ते कमिटी ठरवते, जोडीदार कमिटी ठरवते, माणसांना रंगसुद्धा दिसत नाहीत. बारा वर्षांचा नायक जोनस, त्याचे बाबा बाळांच्या सेंटरमध्ये काम करतात, खरंच प्रेमळ माणूस, अशक्त बाळाला रात्री घरी आणून सांभाळणारा. आणि हाच माणूस जुळ्यांमधल्या वजनानं कमी असलेल्या बाळाला इंजेक्शन देऊन मारतो, लाडानं बोलत बोलत. कारण त्याच्या दृष्टीनं ते मारणं नाहीच, ते रोजच्या ड्युटीतलं एक काम आहे आणि याहून वेगळं काही असू शकतं हे त्याला कोणी कधी दाखवलेलंच नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की बरीचशी माणसं ऐकत नसतात, त्यांना ते आपलंच मत वाटत असतं. निवड हिसकावून घेतली की माणूस निदान ओरडतो तरी. ती नकोशी वाटायला लागली की ओरडणार कोण?

प्रश्न : पुस्तक वाचू की सरळ पिक्चर बघू? वेळ नाही हो.
— लालबागहून एक जण

उत्तर : पुस्तक. पिक्चर बघायचाच असेल तर रे ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' वरचा फ्रान्स्वा त्रुफोचा १९६६ चा बघा, पुस्तकं जाळणाऱ्या जगाची गोष्ट आहे म्हणून सुरुवातीची नावं पडद्यावर लिहून येतच नाहीत, वाचून दाखवलेली ऐकू येतात. पण मूळ कादंबरीत पुस्तकं जाळणाऱ्या फायरमनांचा कॅप्टन बीटी याचं एक लांबलचक भाषण आहे, की सरकारनं आधी पुस्तकं बंद केली असं काही झालं नाही, लोकांनीच वाचणं सोडलं, कशानं कोणी दुखावलं जाऊ नये, सगळं झटपट पाहिजे, आणि आगीचं काम नंतर आलं. वेळ नाही म्हणताय म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : शिस्त पाळणं म्हणजे पण सगळ्यांसारखं वागणंच ना? मुंबईत प्रत्येकानं मनाला येईल तसं करायचं ठरवलं तर दादरचा ब्रिज ओलांडता येणार नाही. मग ही पुस्तकं नेमकी कशाच्या विरुद्ध आहेत, हे मला कळत नाही.
— एक वाचक भगिनी, बोरिवली

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न एकदम योग्य जागी लागलाय, कारण या सगळ्या कादंबऱ्यांच्या आधीची एक रशियन कादंबरी आहे, येवगेनी झाम्यातिनची 'वुई', १९२० च्या आसपास लिहिलेली, आणि तिचा निवेदक रेल्वेच्या टाइमटेबलवर फिदा आहे! त्याच्या मते जुन्या जगानं मागे ठेवलेलं सगळ्यात थोर साहित्य म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. आपल्याकडे बदलापूरहून रोज ठरलेली लोकल पकडणाऱ्या कोणालाही हे पटेल.

झाम्यातिन स्वतः जहाजं बांधणारा इंजिनियर होता, त्यामुळे यंत्राची शिस्त त्याला आतून माहिती होती, तो काही शिस्त बघून बिचकणारा कवी नव्हे. त्याच्या राज्यात माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, निवेदक डी-५०३. सगळे एकाच क्षणी उठतात, एकाच क्षणी चमचा तोंडात घालतात, प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा. घरं काचेची, पडदे फक्त जोडीदाराला भेटायचं गुलाबी कुपन असेल त्या तासाला पाडायचे. दिवसात दोन तास स्वतःचे म्हणून मोकळे ठेवलेत, आणि डी-५०३ ला काय वाटतं, तर हे दोन तास पण एक दिवस वेळापत्रकात बसतील तर बरं होईल! फरक इथे आहे. दादरच्या ब्रिजवर डाव्या बाजूनं चाला म्हटलं तर ते तुमच्या पायांपुरतं असतं, ब्रिज उतरल्यावर तुम्ही फुलं घ्यायला जा नाहीतर शिवाजी पार्कला, कोणी विचारत नाही. तो नियम कशासाठी आहे ते शेंबड्या पोराला पण सांगता येतं आणि चुकीचा निघाला तर बदलता येतो. डी-५०३ च्या राज्यात 'कशासाठी' हा प्रश्नच आजार समजतात, शेवटी ऑपरेशन करून माणसाची कल्पनाशक्तीच काढून टाकतात.

आणि खरं सांगू का, लोकलमध्ये मला जास्त भीती वाटते ती न लिहिलेल्या नियमांची. तुम्ही बोरिवलीच्या, तुम्हाला काय सांगायचं. बोरिवलीच्या पुढे जाणाऱ्या संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवलीवाला चढला की डब्यात काय होतं, 'बोरिवली स्लो नव्हती का', मग टोमणे, मग दारात भिंत, उतरूच द्यायचं नाही. हा नियम रेल्वेचा नाही, कुठल्या बोर्डावर नाही, आणि तो सगळ्यात कडक कोण राबवतो तर ज्यानं नवीन असताना स्वतः हे सगळं सोसलंय तो. विरारवाल्यांचं पण एक दुखणं आहे, गाडीला गर्दी किती असते ते मी बघतो, पण डब्यात एकालाही 'जाऊ दे की रे त्याला' म्हणवत नाही. वाटत सगळ्यांना असतं.

प्रश्न : सर, मी सेकंड इयर बीएला आहे. या सगळ्या पुस्तकांत शेवटी हिरो हरतो. एकट्यानं विरोध करून काही होत नाही हेच शिकायचं असेल तर वाचायचं कशाला? त्यापेक्षा 'हंगर गेम्स' बरं, तिथे निदान राज्य तरी पडतं.
— परळहून

उत्तर : बरेच हरतात हे खरंय. विन्स्टन बिग ब्रदरवर प्रेम करायला लागतो, डी-५०३ चं ऑपरेशन होतं, हक्स्लीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' मधला जॉन, जो दुःखी असण्याचा हक्क मागतो, गळफास घेतो. 'हंगर गेम्स' बद्दल माझी तक्रार नाही, पण अशा पुष्कळ पुस्तकांत नायक-नायिका मुळातच स्पेशल असतात आणि वाचणाऱ्याला वाटतं मी पण त्यांच्यातलाच, त्यामुळे रात्री झोप छान लागते.

पण एक गोष्ट बघ. हिरोला हरवायला या राज्यांना करावं काय लागतं? विन्स्टनला मारून, उपाशी ठेवून, दोन अधिक दोन पाच म्हणायला लावूनसुद्धा काम पूर्ण होत नाही, जोपर्यंत तो आपल्या प्रेयसीचं नाव घेऊन 'माझ्याऐवजी ज्युलियाला द्या ही शिक्षा' असं ओरडत नाही तोपर्यंत ओब्रायनला चैन नाही. डी-५०३ ला ऑपरेशननंतर राज्यप्रमुखाच्या शेजारी बसवतात आणि ज्या बाईच्या प्रेमात तो पडला होता त्या आय-३३० चा छळ बघायला लावतात, आणि तो शांतपणे बघतो. 'फॅरनहाइट' मध्ये पुस्तकं जाळणाऱ्या नायकाला, माँटॅगला, प्रश्न विचारणारी शेजारची क्लॅरिस लवकरच गायब होते. म्हणजे ही राज्यं एकट्याला घाबरतच नाहीत, त्याच्या सोबतीला असलेल्या दुसऱ्या माणसाला घाबरतात.

हे नुसतं कादंबऱ्यांतलं नाही. सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९५१ च्या सुमारास कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला. कार्डावरच्या तीन रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं, उत्तर लहान मुलाला पण येईल. फक्त खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅशचे ठरवलेले लोक, ते मुद्दाम एकसुरात चुकीचं सांगणार. साधारण एक तृतीयांश वेळा खरा विद्यार्थी पण त्यांच्यामागून चुकीचं बोलला, आणि चारपैकी तिघे जण एकदा तरी घसरले. पण त्या ठरवलेल्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं तर हे घसरणं एकदम खाली आलं. आणखी गंमत म्हणजे तो एक जण तिसरंच काहीतरी चुकीचं बोलला तरी फरक पडायचा. बरोबर असायचीही गरज नव्हती, नुसतं वेगळं बोलणारं कोणीतरी पाहिजे होतं.

आणि ऑर्वेलचं पुस्तक विन्स्टनवर संपतं असं तुला वाटतंय कारण तू मागचं परिशिष्ट वाचलेलं दिसत नाहीस. न्यूस्पीक या सरकारी भाषेची माहिती आहे, कंटाळवाणी वाटते, सगळे सोडतात. ते पूर्ण भूतकाळात लिहिलंय, 'न्यूस्पीक ही ओशनियाची (म्हणजे विन्स्टनच्या राज्याची) अधिकृत भाषा होती' अशा थाटात, आणि लिहिणारा तर साध्या नेहमीच्या इंग्रजीत लिहितोय. म्हणजे ते राज्य पडलं का? ऑर्वेल सांगत नाही, काही अभ्यासक तसं मानतात, काहींना ते ताणलेलं वाटतं, मी मानणाऱ्यांतला. अमेरिकेतल्या एका मोठ्या बुक क्लबनं त्याला सांगितलं होतं की हे परिशिष्ट आणि कादंबरीतला राज्याचा शत्रू गोल्डस्टाइन याच्या पुस्तकाचा भाग उडवा मग आम्ही घेतो, बऱ्याच पैशांचा मामला होता, तब्येत खराब होती, तरी तो नाही म्हणाला. त्यांनी शेवटी आहे तसंच घेतलं. तुझ्या कॉपीत शेवटच्या थोड्या पानांत असेल बघ, वाच आणि कळव तुला काय वाटतं ते.