चौदा सह्यांची बॅट आणि पंधरा लाखांचा विमा

सिंहगड रस्त्यावरच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४४, चाकणला नोकरी, हातात महिना ९५ हजार, घरकर्ज ३६ लाख बाकी, पत्नी घर सांभाळतात, मुलगा नववीत. ओळखीच्या एकांनी त्यांना १९८३ च्या विश्वविजेत्या संघातल्या चौदाही जणांच्या सह्यांची बॅट पावणेदोन लाखांना देऊ केली आहे. सह्या म्हणे २०२३ साली, विजयाला ४० वर्षं झाली तेव्हाच्या कार्यक्रमात घेतलेल्या. सोबत प्रमाणपत्र, होलोग्राम. दहा वर्षांत किंमत दहापट होईल आणि मुलाच्या शिक्षणाला कामी येईल, असा त्यांचा हिशेब. सही खरी की खोटी हे ओळखायला कसं शिकायचं, एवढंच त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ : "पैशांसाठी ३ लाखांची एफडी मोडतोय. विम्याची काळजी नाही, वर्षाला दीड लाख हप्ता भरतो. थोडी शुगर आहे, बाकी सगळं ठीक."

बॅटचा निकाल आधी लावू. त्या संघातले यशपाल शर्मा जुलै २०२१ मध्ये गेले. त्यांनी २०२३ मध्ये सही केली असेल, तर पावणेदोन लाखांना ती बॅट फारच स्वस्त आहे.

तरी शिकायचं म्हणता, म्हणून सांगतो. सही वाचायची नसते, तिचा वेग बघायचा असतो. हजारो वेळा सही केलेल्या माणसाचा हात पेन टेकायच्या आधीच फिरू लागलेला असतो, त्यामुळे रेषेची दोन्ही टोकं निमुळती येतात. नक्कल करणारा सहीचं चित्र काढतो. मग रेषेत कंप येतो, तो थांबला तिथे शाईचा ठिपका पडतो, टोकं बोथट होतात, दाब सगळीकडे सारखा राहतो. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलंत की हे दिसतं. चौदा जणांनी एकच मार्कर फिरवला, हे होऊ शकतं. चौदा जणांचा हात एकाच कलाने आणि एकाच वेगाने फिरला, हे होत नाही. एखादी सही फोटोतल्या सहीशी तंतोतंत जुळली तर खूश होऊ नका. माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही. छापील प्रत, रबरी शिक्का किंवा ऑटोपेन नावाचं यंत्र करतं. तुलनाही त्याच काळातल्या सहीशी करायची, कारण मागणी वाढली की खेळाडूची सही आखूड होत जाते. आधी खऱ्या सह्या डोळ्यांत बसू द्या. सहकारनगरचं ब्लेड्स ऑफ ग्लोरी संग्रहालय तुमच्यापासून लांब नाही.

प्रमाणपत्राचं मात्र कौतुक नको. अमेरिकेत एफबीआयने १९९० च्या दशकात 'ऑपरेशन बुलपेन' नावाने बनावट सह्यांची टोळी पकडली. त्या मालाबरोबरही प्रमाणपत्रं होती. जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा होता! विकणाऱ्याने स्वतःच्या मालाला दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे आंबेवाल्याने "देवगडच आहे हो" म्हणण्यासारखं.

आणि दहापटीचं म्हणाल, तर दहा वर्षांत दहापट म्हणजे वर्षाला २६ टक्के. वर विकताना लिलावात कमिशन जाणार. शिवाय आज नववीत असलेल्या मुलाचं शिक्षण दहा वर्षांनी संपत आलेलं असेल, त्याचं काय?

आता तुम्ही न विचारलेलं. पॉलिसीचा फोटो जोडलात, बरं झालं. घरकर्जाच्या वेळी बँकेतूनच गळ्यात मारलेली दिसते. दीड लाख दहा वर्षं, म्हणजे १५ लाख भरायचे, विसाव्या वर्षाअखेर ३२ लाख 'गॅरंटीड'. दुप्पट ऐकायला छान वाटतं. परतावा पडतो ५ टक्के. तेच पैसे तसेच पीपीएफमध्ये भरले असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने ४४ लाख झाले असते. पण माझा राग त्या बारा लाखांच्या फरकावर नाही. पॉलिसीवरचा मृत्यूलाभ बघा : १५ लाख. उद्या तुम्हाला काही झालं, तर घरकर्ज फेडायलाच २१ लाख कमी पडतात, किराणा आणि मुलाची फी अजून धरलेलीच नाही. वर्षाला दीड लाख भरून माणूस विम्याची काळजी नाही म्हणतो आणि घरात विमा जवळपास नाहीच!

करायचं असं. आधी एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, साठीपर्यंतचा. तुमच्या वयाला वर्षाला तीसेक हजार धरा, शुगरमुळे थोडे जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. अर्जात शुगर स्वच्छ लिहा. एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तर एजंट बदला. ही पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू नका.

मग जुनी. तीन हप्ते, साडेचार लाख गेलेत. सरेंडर केलीत, म्हणजे मुदतीआधीच मोडलीत, तर भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के धरून दीड लाखाच्या आसपास हातात येतील. हप्ते थांबवून पेड-अप केलीत, तर साधारण ३२ लाखांचे तीन-दशांश, म्हणजे साडेनऊ लाख शेवटी मिळावेत. दीडाचे साडेनऊ १७ वर्षांत करायला ११ टक्के लागतात, म्हणून सरेंडर नको. उरलेले सात हप्ते पीपीएफमध्ये गेले तर त्यांचे २७-२८ लाख होतात. दोन्ही मिळून ३७, चालू ठेवलीत तर ३२. टर्मचा हप्ता पगारातून भरलात, तरच हे गणित टिकतं. पेड-अपचा आकडा कंपनीकडून लेखी घ्या. तो साडेनऊपेक्षा बराच कमी निघाला तर मला परत लिहा.

एफडी आहे तिथेच राहू दे. तीन लाख म्हणजे तुमच्या घरात जेमतेम चार महिने. आरोग्यविमा फक्त कंपनीचा असेल तर तोही स्वतःचा बघा, शुगर आहे तर आजच.

सह्यांची हौस असेल तर रणजी सामन्याला मुलाला घेऊन गहुंज्याला जा आणि डोळ्यांदेखत सही घ्या. तिला प्रमाणपत्र लागत नाही.

आणखी एक काम. पॉलिसीच्या फाइलमध्ये बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा, किती भरायचं आणि किती मिळणार ते दाखवणारा कागद असतो, त्यावर ग्राहकाची सही लागते. भिंग आणलंत की पहिल्यांदा तिच्यावर धरा. तुमचीच निघते का, कळवा.