टायरवाल्या ताईंना विचारा : शर्यतीचे तीन दिवस

(सातपूरला त्र्यंबक रोडवर टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान चालवणाऱ्या आमच्या ताई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळी बहुतेक पत्रं फॉर्म्युला शर्यतींवरची आली.)

प्रश्न : ताई, आमच्याकडे हे आणि मुलगा फॉर्म्युला वन असलं की शुक्रवारपासून टीव्हीसमोरून हलत नाहीत. शर्यत तर रविवारी, तीही दोन तासांच्या आत संपते. मग आधीचे दोन दिवस त्या गाड्या नुसत्या कशाला फिरतात? आणि यांना जेवायला बोलवायचं तरी कधी?
– एक गृहिणी, गंगापूर रोड

उत्तर : वहिनी, जेवणाचं आधी सांगते, ते सोपं आहे. उन्हाळ्यात युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात, इंग्लंडची साडेसातला. नऊ-साडेनऊला पानं घ्या, कोणी कुरकुरणार नाही. ब्राझीलची रात्री साडेदहाला असते, त्या दिवशी आधीच वाढून मोकळ्या व्हा.

आता शुक्रवार. मला कोणी म्हटलं की तीनपैकी एकच दिवस बघायचा, तर मी शुक्रवार बघेन. त्यातही दुसरा सराव. नेहमीच्या वीकेंडला शुक्रवारी एकेक तासाचे दोन सराव असतात, शनिवारी सकाळी तिसरा, मग दुपारी क्वालिफाइंग, म्हणजे रविवारी कोण कितव्या नंबरावर उभा राहणार हे ठरवणाऱ्या फेऱ्या. शुक्रवारच्या पहिल्या अर्ध्या तासात कोण सर्वांत वेगवान आला याकडे दुर्लक्ष करा. टाकीत कोणी किती पेट्रोल भरलंय ते बाहेर कोणाला माहीत नसतं, आणि दहा किलो इंधन जास्त असलं तरी फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जातात. त्यामुळे तो तक्ता फसवा.

खरं बघायचं ते दुसऱ्या सरावाच्या उत्तरार्धात. तेव्हा टाकी भरून, एकाच टायरवर ओळीने दहा-पंधरा फेऱ्या मारतात. मुलाला सांगा, कागद घेऊन प्रत्येक फेरीची वेळ लिही. एका गाडीची वेळ फेरीमागे एक दशांशाने वाढत असेल आणि दुसरीची तीन दशांशाने, तर दुसरीचा टायर रविवारी आधी दम सोडणार. मग ती गाडी शनिवारी पहिल्या नंबरावर का उभी राहीना! अबूधाबीसारखी शर्यत मावळतीच्या वेळी सुरू होते. तिथे दुपारच्या उन्हातल्या पहिल्या सरावाचा उपयोग कमी, कारण रस्त्याचं तापमानच वेगळं. दुसरा सराव संध्याकाळी होतो, म्हणून सगळे त्याची वाट बघतात.

कॅमेरा टायरच्या जवळ गेला की मी चहाचा कप खाली ठेवते. टायर पुरेसा तापलेला नसताना घसरला की वरचं रबर सोलवटतं आणि खोडरबर घासल्यावर निघतात तशा बारीक सुरळ्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. हे बहुतेकदा पुढच्या टायरला दिसतं आणि ड्रायव्हर जपून चालवत राहिला तर कधी कधी साफही होतं. दुसरा प्रकार फोडांचा. रबर आतून जास्त तापतं, फुगतं, आणि वरचा तुकडा उडून काळा खड्डा पडतो. तो काही भरून येत नाही.

टायर हवे तितके मिळत नाहीत, ही यातली खरी गोम. २०११पासून सगळ्यांना पिरेलीचेच टायर. नेहमीच्या वीकेंडला एका गाडीला कोरड्या रस्त्याचे १३ सेट मिळतात, आणि प्रत्येक सरावानंतर दोन-दोन सेट परत करावे लागतात. लाल पट्टी म्हणजे मऊ, पिवळी मध्यम, पांढरी कडक. पण पिरेलीकडे रबराचे याहून जास्त प्रकार आहेत आणि प्रत्येक ट्रॅकसाठी त्यातले तीन निवडले जातात. म्हणून मोनॅकोचा लाल आणि सिल्व्हरस्टोनचा लाल एकच असेल असं समजू नका. शर्यतीत पाऊस नसेल तर किमान दोन वेगळ्या प्रकारचे टायर वापरायलाच लागतात. म्हणजे टायर बदलायला एकदा तरी पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेत, थांबणं आलं, आणि कधी थांबायचं हे शुक्रवारच्या त्या कागदावरून ठरतं. पुढच्या गाडीच्या एक-दोन फेऱ्या आधी आत जायचं, नव्या टायरवर जीव खाऊन फेरी मारायची, आणि तो जुन्या टायरवरून आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघायचं, याला अंडरकट म्हणतात. शुक्रवारी कळतं की इथे तो चालेल की नाही. टायर तापायलाच दोन फेऱ्या लागणार असतील तर नाही चालणार.

शनिवारबद्दल एकच सांगते, कारण तो माझ्या धंद्यातला विषय आहे. क्वालिफाइंगला गाडी उतरली की तिच्या सेटिंगला टाळं लागतं. कॅम्बर, टो (चाकांचा कल आणि दिशा), स्प्रिंग, कशालाही हात लावायचा नाही. पुढच्या विंगचा कोन तेवढा बदलता येतो. आमच्याकडे गिऱ्हाईक अलाइनमेंट करून घेतं, पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन परत येतं आणि म्हणतं, स्टिअरिंग अजून डावीकडे ओढतंय. इथे तशी सोय नाही.

ज्या वीकेंडला स्प्रिंट असते तेव्हा सराव एकच. शनिवारी साधारण १०० किलोमीटरची छोटी शर्यत, पहिल्या आठ जणांना गुण. प्रेक्षकांना जादा शर्यत मिळते हे खरं, पण माझा लाडका दुसरा सराव जातो, म्हणून मला स्प्रिंट आवडत नाही.

प्रश्न : ताई, फॉर्म्युला वनचे टायर पूर्ण गुळगुळीत असतात आणि त्यांना सगळ्यात जास्त पकड असते म्हणतात. मग माझ्या गाडीचे टायर गोटा झालेत तर तुमच्यासारखे दुकानदार लगेच बदला म्हणून का मागे लागतात? मी कसाऱ्यावरून दर आठवड्याला ये-जा करतो, अजून काही झालेलं नाही.
– एक वाचक, सिडको

उत्तर : दादा, अजून झालेलं नाही यातला ‘अजून’ तुम्हीच लिहिलाय.

त्यांचा गुळगुळीत टायर जन्मतःच गुळगुळीत असतो. मऊ रबर, गाडीखाली जाण्याआधी ७० अंशांच्या गरम ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलेलं, आणि कोरड्या रस्त्यावरच वापरायचं. कोरड्यात खाच नसली की तितकं जास्त रबर रस्त्याला टेकतं, म्हणून पकड. १९९८ ते २००८ या काळात वळणावरचा वेग कमी करायचा होता, म्हणून नियम करून त्या टायरांना मुद्दाम खाचा पाडायला लावल्या होत्या. २००९ला पुन्हा गुळगुळीत आले.

पण पावसाची सर आली की हेच जगातले उत्तम ड्रायव्हर पिटकडे पळतात. ओलसर रस्त्याला हिरव्या पट्टीचा टायर, मुसळधारेला निळ्या. निळा टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, आणि फेकतो तो खाचांमधूनच. तुमच्या टायरला त्या उरल्या नाहीत. जे रबर शिल्लक आहे ते वर्षानुवर्षं उन्हात कडक झालेलं. पाऊस असताना घाटात ब्रेक दाबलात तर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहील आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरेल.

टायरच्या खाचेत आडवा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की कायद्याने टायर संपला. कसारा उतरणाऱ्याला मी त्याआधीच, तीन मिलिमीटरला बदला म्हणते. दुकान माझं आहे म्हणून म्हणते असं वाटत असेल तर दुसरीकडून घ्या, पण जूनच्या आत घ्या.

प्रश्न : मी सातपूरला महिंद्रात कामाला आहे. आमच्या कंपनीची टीम फॉर्म्युला ईमध्ये, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींत, आहे याचा अभिमान वाटतो, पण दोस्त म्हणतात आवाज नाही ती कसली शर्यत! त्यांचा वीकेंड कसा असतो? आणि हैदराबादची शर्यत पुन्हा का झाली नाही?
– एक कामगार, सातपूर

उत्तर : दादा, महिंद्रा पहिल्या मोसमापासून आहे. २०१४च्या सप्टेंबरात बीजिंगला पहिली शर्यत झाली तेव्हा आपला करुण चंधोक महिंद्राची गाडी चालवत होता, पाचवा आला. टीमला पहिला विजय फेलिक्स रोझेनक्विस्टने २०१७ला बर्लिनमध्ये मिळवून दिला. दोस्तांना हे सांगा.

हैदराबादची शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ला हुसेन सागरच्या काठी, शहरातल्याच रस्त्यांवर झाली. ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला. २०२४ला पुन्हा होणार होती, पण राज्यात सरकार बदललं आणि ती रद्द झाली.

त्यांचा वीकेंड आटोपशीर असतो. सराव, क्वालिफाइंग आणि शर्यत बहुतेक एकाच दिवशी. क्वालिफाइंग मला फॉर्म्युला वनपेक्षाही आवडतं. दोन गट, प्रत्येकातले पहिले चार पुढे, आणि मग कुस्तीसारख्या जोड्या लागतात, हरला तो बाहेर. टायर हँकूकचा, खाचांचा, ऊन असो की पाऊस तोच. ब्रेक मारताना मोटार जनरेटरसारखी चालून बॅटरी भरते आणि शर्यतीत वापरलेल्या विजेपैकी ४० टक्क्यांहून जास्त वीज अशी परत मिळवलेली असते. म्हणून कधी कधी गंमत होते, पुढे राहायला कोणी तयारच नसतं! पुढचा हवा कापत वीज खर्च करतो, मागचे त्याच्या आडोशाने वाचवतात, आणि शेवटच्या काही फेऱ्यांत एकदम झुंबड उडते. २०२५पासून काही शर्यतींत मध्येच ३० सेकंदांचं जलद चार्जिंगही आलंय, ६०० किलोवॅटने. आवाजाचं म्हणाल तर टायरची किंकाळी स्पष्ट ऐकू येते. माझ्यासाठी तेवढं पुरे.

प्रश्न : तिकडे दोन सेकंदांत चारही टायर बदलतात. तुमच्या दुकानात अर्धा तास का लागतो?
– आयटीआयचा विद्यार्थी, अंबड

उत्तर : बाळा, तिकडे प्रत्येक चाकाला तीन माणसं. एक नट सोडायची-आवळायची गन चालवतो, एक जुनं काढतो, एक नवं बसवतो. म्हणजे बारा झाले. वर पुढे-मागे जॅकवाले, गाडी धरणारे, मिळून वीसेक जण. चाकाला नट एकच, आणि नवा टायर रिमवर चढवून, बॅलन्स करून, हवा भरून तयार. २०२३ला कतारमध्ये मॅकलॅरेनने लँडो नॉरिसची गाडी १.८० सेकंदांत सोडली. माझ्याकडे दोन पोरं आहेत, तुझ्या चाकाला चार-पाच नट आहेत, त्यातला एक मागच्या पंक्चरवाल्याने पायाने पाना दाबून आवळलेला असतो.

प्रश्न : नातू सांगतो, एकदा जिंकलेल्या ड्रायव्हरचा नंबर गाडी हलकी भरली म्हणून काढून घेतला. दीड किलोवरून एवढं?
– एक ज्येष्ठ नागरिक, पंचवटी

उत्तर : काका, नातू बरोबर सांगतोय. २०२४च्या जुलैमध्ये बेल्जियमला स्पा ट्रॅकवर जॉर्ज रसेल पहिला आला, आपलाच सहकारी लुईस हॅमिल्टनला मागे टाकून. बाकीचे पुढचे गडी दोनदा थांबले, हा एकदाच. त्याच कडक टायरवर शेवटपर्यंत रेटत नेलं. नंतर टाकी रिकामी करून गाडी काट्यावर घेतली तर ७९६.५ किलो, मर्यादा होती ७९८. बाद. विजय हॅमिल्टनला.

आता माझ्या धंद्याचं बोलते. टायर जितका झिजतो तितकं त्याचं वजन घटतं. एकाच सेटवर तीसच्या वर फेऱ्या म्हणजे चारही चाकांवरून भरपूर रबर गेलेलं. एरवी शर्यत संपल्यावर ड्रायव्हर परत येताना मुद्दाम रस्त्याच्या कडेने जातात. तिथे पडलेले रबराचे तुकडे गरम टायरला चिकटतात आणि वजन थोडं वाढतं. स्पा सात किलोमीटरचा ट्रॅक, तिथे शर्यतीनंतर पूर्ण फेरी मारायची नसते, लवकर आत वळवतात. कडेचं रबर गोळा करायला रस्ताच मिळत नाही. एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण काट्यावर दीड किलो कमी भरल्याचं ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा टायरच आठवले.

आणि दीड किलोचं म्हणाल तर काका, सोन्याच्या पेढीवर तुम्ही एक ग्रॅम सोडता का?

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय. मुलींना तिथे वाव आहे का? नाशिकहून सुरुवात कशी करायची? कार्ट (शर्यतीची छोटी गाडी) विकत घेऊ का?
– एक वडील, देवळाली कॅम्प

उत्तर : दादा, फॉर्म्युला वनच्या इतिहासात गुण मिळवणारी बाई एकच, इटलीची लेला लोम्बार्डी, १९७५ला स्पेनमध्ये, तोही अर्धा गुण. ती शर्यत अर्ध्यावर थांबवली होती म्हणून अर्धा. तेव्हापासून फार काही बदललं नव्हतं. २०२३ला फक्त मुलींसाठी एफ-वन अकॅडमी सुरू झाली आणि आता ती फॉर्म्युला वनच्याच वीकेंडला होते. तिला ते दाखवा.

फॉर्म्युला वनच्या खालची पायरी असलेली फॉर्म्युला टूही दाखवा, त्याच ट्रॅकवर, त्याच तीन दिवसांत. तिथे टायर तापवायला ब्लँकेट नसतात, त्यामुळे पिटमधून निघालेली गाडी पहिल्या वळणावर कशी नाचते ते बघण्यासारखं असतं. शनिवारच्या शर्यतीत क्वालिफाइंगचे पहिले दहा उलट्या क्रमाने उभे करतात. २०२५ला मोनॅकोत आपला कुश मैनी दहावा होता म्हणून पहिला उभा राहिला आणि जिंकला. मोनॅकोत पुढे असलेल्याला गाठणं महाकठीण हे मान्य, पण तेवढ्या फेऱ्या भिंतींच्या मधून चूक न करता काढणं खायचं काम नाही.

रस्ता असा : कार्टिंग, मग पंधरा पूर्ण झाल्यावर फॉर्म्युला फोर. भारतात ती मालिका आहे, २०२४ला चेन्नईत रात्री शहराच्या रस्त्यांवरही झाली. त्यापुढे परदेश, आणि फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सला, म्हणजे तिथे गाडी चालवायच्या परवान्याला, ४० गुण लागतात. खर्च डोळे पांढरे करणारा आहे, तो मी गोड करून सांगणार नाही. तिला गाडीच्या पोटात काय चाललंय याची आवड दिसली तर इंजिनिअरिंगची वाट लक्षात ठेवा. फॉर्म्युला भारत नावाच्या स्पर्धेत कॉलेजची मुलंमुली स्वतः बनवलेली एका सीटची गाडी घेऊन उतरतात.

कार्ट आता घेऊ नका. वर्षभर भाड्याच्या कार्टवर चालवू दे, दर वेळी फेऱ्यांची वेळ वहीत लिहायला लावा. पहिल्या दहा फेऱ्यांतली चांगली फेरी आणि शेवटच्या पाचांतली चांगली फेरी यातला फरक कमी होत गेला तर पुढचं बोलू. पैसे घालायचेच असतील तर हेल्मेट घ्या, आणि ते ऑनलाइन मागवू नका. मुलीला दुकानात नेऊन, केस बांधून, डोक्याचं माप घेऊन घ्या. वाढत्या वयाची आहे म्हणून एक नंबर मोठं मुळीच घेऊ नका.