आई-बाबा ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलेत, वय ६७ आणि ६९. त्यांना मेडिकेअर (मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा सरकारी आरोग्य विमा) मिळेल का?

लगेच नाही. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं अमेरिकेत राहणं झालं पाहिजे. आणि तुम्ही इथे कितीही वर्षं टॅक्स भरला असलात, तरी तो आई-बाबांच्या खात्यात धरत नाहीत. स्वतःची किंवा जोडीदाराची अमेरिकेतली सुमारे दहा वर्षांची नोकरी असेल तरच पार्ट ए (हॉस्पिटल) फुकट. नाहीतर विकत घ्यायचा.

२०२५ मध्ये पार्ट एचा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता, पार्ट बीचा (डॉक्टर, तपासण्या) १८५. म्हणजे माणशी ७०३, दोघांचे चौदाशेच्या वर. औषधांचा पार्ट डी वेगळाच.

आमच्या सासऱ्यांना दर हिवाळ्यात सांगली लागायची. अर्ज भरताना जेवणाच्या टेबलावर पासपोर्टचे शिक्के मोजत बसलो होतो! पाच वर्षं सलग राहिल्याचं दाखवावं लागतं, म्हणून भारतात लांब मुक्काम असतील तर तारखा आत्तापासूनच लिहून ठेवा.

पाच वर्षं भरली की नोंदणीची मुदत चुकवू नका. पार्ट बीला पूर्ण वर्षाचा उशीर झाला की हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, दोन वर्षांना २० टक्के, आणि तो दंड सहसा जन्मभर चिकटतो.

तोवर मार्केटप्लेसवरची (सरकारी विमा-बाजारातली) पॉलिसी बघा. ‘व्हिजिटर इन्शुरन्स’वर पाच वर्षं काढू नका, जुनी दुखणी त्यात बहुधा बसतच नाहीत. मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याचे) नियम राज्यागणिक वेगळे. मोफत सल्ल्यासाठी तुमच्या राज्याच्या ‘शिप’ (मेडिकेअरचा सल्ला देणारी सरकारी योजना) केंद्राला फोन करा, ते काही विकत नाहीत. आणि हो, भारतात गेल्यावर मेडिकेअर जवळपास निरुपयोगी, तिकडची पॉलिसी बंद करू नका.