जुनी स्पोर्ट बाइक पाहायला जाण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि दोन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. २०१९ च्या यामाहा आर१५ व्ही३ चे मालक १,१०,००० रुपये मागत आहेत आणि २०१८ च्या केटीएम आरसी ३९० चे मालक १,३५,०००. तेव्हा अवघ्या पंचवीस हजारांच्या फरकात १५५ सीसीऐवजी ३७३ सीसीचे इंजिन मिळत असेल तर ते का सोडावे, असे तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे, पण तू भावापासून सुरुवात केली आहेस आणि मला ती उलटी वाटते. गाडी आधी तुझ्या अंगाला मानवली पाहिजे, मग तिचा भाव करावा. न मानवणारी गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी वर्षाच्या आत विकावी लागते आणि विकताना बसणारा फटका हा तिच्या किमतीचाच भाग असतो.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे. २०१३ साली एका विक्रेत्याकडून मी जुनी आर१५ घेतली, ती रविवारी सकाळी रिकाम्या गल्लीत दहा मिनिटे चालवून. पंधरा दिवसांनी कोल्हापूरला निघालो, आणि शिरवळला चहाला थांबलो तेव्हा उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना चहाच्या ग्लासाचा चटकाच जाणवेना. अजून खंबाटकी घाटही लागला नव्हता. गाडीत दोष काहीच नव्हता. खाली बसवलेल्या हँडलवर मी माझे सगळे वजन तळहातांनी तोलत होतो, एवढेच. पाच महिन्यांनी चौदा हजारांचा तोटा सोसून ती विकली.

तुझा रोजचा रस्ता धायरी ते हिंजवडी असा आहे, म्हणजे वारज्याचा पूल, चांदणी चौक, वाकड आणि संध्याकाळी परतताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणे. स्पोर्ट बाइकचे हँडल खाली आणि फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) मागे असतात ते वेगात वाऱ्याखाली वाकून बसता यावे म्हणून. वेग असतो तेव्हा छातीवर येणारा वारा शरीराचा थोडा भार उचलून धरतो. ताशी पंधरा किलोमीटरने सरकताना तो वारा नसतो, आणि सगळा भार मनगटांवर उतरतो. त्यात पाठीवर लॅपटॉपची बॅग असली की ते वजनही तिथेच येते. म्हणून चाचणी घ्यायची ती सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नव्हे, तर संध्याकाळी साडेसहाला, बॅग पाठीवर घेऊन आणि निदान चाळीस मिनिटे. मालक एवढा वेळ गाडी द्यायला कुरकुरतात. तेव्हा तुझी स्कूटर आणि लायसन्स त्यांच्याकडे ठेव किंवा त्यांनाच दुसऱ्या गाडीवर सोबत यायला सांग.

त्याआधी उभ्या गाडीवर एक परीक्षा करता येते. कोणाला तरी गाडी मागून धरायला सांग, पाय पेगवर ठेव, गुडघ्यांनी टाकी आवळ आणि दोन्ही हात ग्रिपवरून बोटभर वर उचल. धड पुढे न कोसळता तू दहापर्यंत मोजू शकलास, तर पोट आणि मांड्या आपले काम करत आहेत असे समज. लगेच कोसळलास तर काही आठवड्यांच्या सवयीने फरक पडेल, पण तुझ्यासारख्या पावणेसहा फुटांहून उंच माणसाला गुडघ्यांत जी घडी पडते, ती सवयीने उलगडत नाही. आर१५ व्ही३ च्या सीटची उंची ८१५ मिलिमीटर आहे, त्यामुळे तुझे पाय जमिनीला आरामात टेकतील. मात्र पाय टेकणे आणि पाय आरामात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कराडला गेल्यावर आईला मागे बसवून बाजारात नेण्याचे म्हणतोस, तर दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर आधी स्वतः बसून पाहा. मला वाटते, त्यानंतर तो विषय तू पुन्हा काढणार नाहीस.

आरसी ३९० बद्दल माझे मत स्पष्ट आहे. गाडी उत्तम आहे, आपल्या चाकणच्याच कारखान्यात बनलेली आहे, आणि मोकळ्या रस्त्यावर तिचे ४३ पीएस (इंजिनाची ताकद) आर१५ ला विसरायला लावतात. पण कमी आरपीएमवर ते एकसिलिंडर इंजिन झटके देते, त्यामुळे गर्दीत क्लच सतत अर्धवट दाबून ठेवावा लागतो. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा मांड्यांना लागते. महिन्यातून एकदा कराडला जाण्यासाठी उरलेले सगळे दिवस तू हे सोसावेस असे मला वाटत नाही.

आता आर१५ कडे वळू. व्ही३ भारतात २०१८ साली आली तेव्हा तिला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हते. दोन्ही चाकांचे एबीएस जानेवारी २०१९ पासून मिळू लागले. पासिंग २०१९ चे असले तरी गाडी २०१८ मध्ये बनलेली असू शकते, म्हणून आरसी बुकावरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) उत्पादनाचा महिना वाच आणि पुढच्या व मागच्या दोन्ही चाकांजवळ एबीएसची दातेरी चकती आहे ना, ते डोळ्यांनी पाहा. ‘बीएस-४ आहे (म्हणजे जुन्या प्रदूषण-मानकाची), पिकअप जास्त’ असे सांगून काही जण भाव चढवतात. बीएस-४ ची ताकद १९.३ पीएस आणि नंतरच्या बीएस-६ ची १८.६ हे खरे, पण एवढा फरक तुला वाकडच्या चौकात कळणार नाही.

गाडी पाहायला दिवसाउजेडी जा आणि इंजिन थंड असताना जा. पोचल्याबरोबर इंजिनाच्या केसिंगला हात लावून पाहा. ते कोमट लागले तर गाडी कोणीतरी आधीच सुरू करून ठेवली आहे आणि सकाळचे पहिले स्टार्टिंग तुला दिसू द्यायचे नाही. फेअरिंग (बाहेरचे प्लास्टिकचे कवच) नवीकोरी दिसते म्हणून हुरळू नकोस, ती बदलता येते. पडलेली गाडी दुसरीकडे बोलते: बार-एंड (हँडलची टोके), ब्रेक लिव्हरचे टोक, फूटपेगचा बाहेरचा कोपरा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळव आणि टॉर्च घेऊन त्याच्या मुळाशी चेसिसवर असलेला छोटा स्टॉपर पाहा. तो दबलेला, रंग उडालेला किंवा पुन्हा रंगवलेला दिसला, तर पुढच्या चाकाने कधीतरी जोराचा मार खाल्लेला असतो. चेसिसला वेल्डिंग दिसले तर भाव करत बसू नकोस, नमस्कार करून निघून ये. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरव. बोटावर तेलाची ओळ उमटली तर सील गेले आहे. हे दुरुस्त होते, पण ते खर्चात धर.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. ‘२३१९’ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि पहिल्या पावसात घसरते. फोटोवरून तुझ्या आर१५ ला अजून मूळचेच टायर दिसतात, म्हणून मी हिशेब असा मांडतो: दोन टायर ७,५००, चेन-स्प्रॉकेट ३,०००, शॉकअपचे सील आणि तेल १,८००, बॅटरी १,२००, विमा आणि ट्रान्सफर ४,५००. हे माझ्या मेकॅनिकला विचारून धरलेले अंदाज आहेत, पण बेरीज १८,००० होते. म्हणजे १,१०,००० ची गाडी तुला खरोखर १,२८,००० ला पडते. आरसी ३९० ला मागे १५० च्या मापाचा रेडियल टायर लागतो आणि सुटे भागही महाग, त्यामुळे फरक पंचवीस हजारांवर टिकत नाही, वाढतो. मालकाशी घासाघीस करताना ‘थोडे कमी करा’ असे म्हणू नकोस, हा कागद समोर ठेव. पंच्याण्णव हजारांच्या आसपास सौदा झाला तर मी त्याला योग्य म्हणेन.

विम्याची जुनी पॉलिसी मागून घे, कारण तिच्यातून गाडीचा इतिहास कळतो. क्लेम नसेल तर नो-क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यावरची सूट, दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर बहुधा क्लेम झाला आहे किंवा विमा खंडित झाला आहे. कोणते खरे, हे मालकाला सरळ विचार. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तो तुला मिळत नाही. शिवाय सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, आणि २०१९ च्या गाडीची ती मुदत २०२४ मध्येच संपली आहे. पुढे कोणी नूतनीकरण केले की नाही, ते तपासल्याखेरीज चाचणीसाठीसुद्धा गाडी रस्त्यावर काढू नकोस.

कागदपत्रांत आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय बयाण्यापलीकडे रक्कम देऊ नकोस. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा आणि थकलेली ई-चलने मालकाकडूनच भरून घे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की ट्रान्सफर रेंगाळू देऊ नकोस. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की अपघात झाल्यास नोंदीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. त्यामुळे समजूतदार विक्रेत्यालाही ट्रान्सफरची तुझ्याइतकीच घाई असते. ‘कागदांचे नंतर बघू’ म्हणणारा विक्रेता मला तरी आवडत नाही.

शनिवारी सकाळी सातला आर१५ पाहायची वेळ ठरव आणि मी पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असे मालकांना आदल्या रात्रीच कळव. टॉर्च आणि टायरमधील हवा मोजायचा गेज मी आणतो. तू हेल्मेट, हातमोजे आणि लॅपटॉपसकट तुझी रोजची बॅग घेऊन ये. सौदा पुढे सरकलाच, तर संध्याकाळी साडेसहाला वाकडकडे एक फेरी मारू.

तुझा,
काका