तुम्ही विचारा : आमच्या केबलवरचे काका

प्रश्न : भाऊ, आमच्या तालुक्याच्या गावी लोकल केबलवर मॅच सांगणारे एक काका होते, मागच्या महिन्यात वारले. दुकान झेरॉक्सचं, पण संध्याकाळी माइक हाती आला का माणूस बदलूनच जाये. टेनिस बॉलचे नाइट सामने, कबड्डी, शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत), पोळ्याच्या जोडीचं बक्षीस, सगळं आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलं. एकदा फायनलमधी लाइन गेली तर जनरेटर चालू होईपर्यंत अंधारात बोलतच राह्यले, "मंडळी, बॅट्समन तिथंच उभा आहे, कोणी स्टंप घरी नेऊ नका". आता पोट्टे म्हणतात चौकात मोठा फ्लेक्स लावू अन् त्यांच्या नावानं ट्रॉफी ठेवू. घरी माळ्यावर त्यांच्या व्हिडिओ कॅसेटी पोत्यात पडून आहेत, काकू म्हणतात भंगारात देऊन टाका. काय करावं? अन् काका नेहमी सांगत का नागपूरले एकाच दिवशी गावस्करचं शतक अन् हॅटट्रिक दोन्ही पाह्यली, पानठेल्यावर कोणी मानत नाही, हे खरं का?
— दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी पानठेल्याचा निकाल लावू. काका खरं बोलत होते. 31 ऑक्टोबर 1987, रिलायन्स वर्ल्डकप, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं व्हीसीएचं, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं, जुनं मैदान (जामठ्याचं नवं स्टेडियम तेव्हा कुठून येणार). चेतन शर्मानं न्यूझीलंडचे रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड असे लागोपाठ तिघं बोल्ड केले, म्हणजे तिन्ही वेळा दांड्या उडाल्या, पंचाला विचारायचं कामच नाही, आणि वर्ल्डकपमधली ती पहिली हॅटट्रिक. 222 पाहिजे तर नुसतं जिंकून भागत नव्हतं, रनरेटमधे ऑस्ट्रेलियाच्या पुढे जायचं तर 42.2 ओव्हरच्या आत उरकायचं होतं, नाहीतर सेमीफायनल मुंबईला नाही मिळत. गावस्कर अंगात ताप घेऊन खेळला, 88 बॉलात नाबाद 103, वनडेतलं त्याचं एकुलतं एक शतक, आणि भारतानं 32.1 ओव्हरमधेच काम संपवलं. मॅन ऑफ द मॅच दोघांत वाटून दिलं. पुढे मुंबईत इंग्लंडनं हरवलं तो भाग सोडा. हे सगळं कागदावर लिहून पानठेल्यावर चिकटवा.

आता कॅसेटी. भाऊ, फ्लेक्स दोन पावसाळे टिकत नाही आणि त्याच्यावर काकांपेक्षा मोठे फोटो कोणाचे असतात ते तुम्हाला माहीत आहे. ट्रॉफी ठेवा, चांगलंच आहे, पण ट्रॉफीतून आवाज येत नाही. वर्गणी जमत असेल तर पहिले पैसे कॅसेटींवर लावा, आणि पोतं आजच्या आज माळ्यावरून खाली घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका, आणि लगेच पाठोपाठ पावसाळ्याची ओल, या दोन्हीत टेपचे हाल होतात. खाली आणलं की कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, स्पीकरजवळ नको. मागच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते ती मोडून टाका म्हणजे चुकून कोणी वरून रेकॉर्डिंग करणार नाही.

मग प्रत्येक कॅसेट उजेडात धरून तिच्याच पारदर्शक खिडकीतून आतली टेप पाहा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, अशी कॅसेट हौसेनं लावून पाहायची नाही, प्लेयरचं हेड खराब होते आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. ती वेगळी पिशवीत ठेवा आणि साफ करणाऱ्याकडेच द्या. बाकीच्यांसाठी चालू व्हीसीआर (कॅसेट लावायचं मशीन) शोधा, नवा मिळणार नाही कारण जगात शेवटपर्यंत बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनंसुद्धा 2016 मधे बंद केला, पण जुने लग्नाचे शूटिंगवाले असतात ना, त्यांच्याकडे एखादा निघतोच. व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणारी यूएसबी कॅप्चरची वायर लावून कॉम्प्युटरवर घ्यायचं. तीन तासाची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्यात शॉर्टकट नाही, म्हणून पोट्ट्यांच्या पाळ्या लावा. कॉपी दोन हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरी. पेनड्राइव्हच्या भरवशावर तर अजिबातच राहू नका.

उतरवताना गावातल्या एखाद्या जुन्या खेळाडूला शेजारी बसवा, तो स्क्रीन पाहून नावं सांगेल आणि तुम्ही लिहा, कारण काकांनी "पांढऱ्या शर्टवाला" म्हटलेला पोट्टा कोण हे आणखी दहा वर्षांनी कोणी सांगू शकणार नाही. शंकरपटाच्या कॅसेटी सगळ्यात आधी घ्या असं माझं मत. 2014 मधे सुप्रीम कोर्टाची बंदी आली, पट पुन्हा सुरू व्हायला 2021 चा डिसेंबर उजाडला, मधल्या काळात किती जुने धुरकरी (पटात जोडी हाकणारे) गेले. त्या जोड्या आणि ती माणसं बंदीच्या आधीच्या टेपवरच भेटतील. यूट्यूबवर टाकायचं तर काकूंना विचारून, आणि मागे सिनेमाचं गाणं वाजत असेल तर कॉपीराइटवाले आवाज बंद करतात, म्हणून मूळ फाइल घरी पाहिजेच.

प्रश्न : कॉमेंट्री करणारे जसदेव सिंग टीव्हीवर होते का रेडिओवर? आमच्या घरी यावर वाद आहे.
— कारंजा लाड, जि. वाशिम

उत्तर : दोन्हीकडे, त्यामुळे घरातले सगळेच जिंकले. 1955 मधे जयपूर आकाशवाणी, 1963 मधे दिल्ली, पुढे दूरदर्शन. नऊ ऑलिंपिक सांगितली, हॉकी आणि 26 जानेवारीची परेड तर त्यांचीच. 2008 मधे पद्मभूषण, 25 सप्टेंबर 2018 ला गेले.

प्रश्न : सर, मी बारावीला आहे, मोबाइलवर गावच्या मॅचची लाइव्ह कॉमेंट्री करतो. मित्र हसतात, वऱ्हाडीत काहून बोलतं म्हणतात. शुद्ध बोलू का?
— मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : मैदानावर "हाव ना बे" चालू असताना तू एकटाच पुस्तकासारखा बोलला तर जास्त हसतील. आयपीएल 2023 मधे जिओसिनेमावर मराठी आणि भोजपुरीतूनही कॉमेंट्री होती, तर वऱ्हाडीनं काय घोडं मारलं. बोली राहू दे, पण खेळ पक्का पाहिजे. मराठी रेडिओवर क्रिकेट सांगणारे बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते, त्यामुळे बॉल कुठं पडला हे त्यांना दिसायचं, अंदाज नाही करावा लागायचा. तू स्कोअरबुक भरायला शीक. दर ओव्हरला स्कोअर दोनदा सांग, कारण कोणी ना कोणी आत्ताच जॉइन झालेला असतो. बॉल हवेत असला की बाकीच्या गोष्टी बंद, उपसरपंच मैदानात आले हे झेल सुटल्यावर सांगितलं तरी चालते. आणि माइकला रुमाल गुंडाळजा, तुमच्याकडे वारा लय असते.